तळघरातलं ‘जा’

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई आहे. वादळ, गारपीट, पूर यांचा कुठल्या घराला किती धोका, हे नकाशे बघून घरमालकांना सांगणं हेच माझं पोटापाण्याचं काम. जर्मनीत ब्योब्लिंगेनमधलं आमचं घर घेतानाही मीच छातीठोकपणे म्हटलं होतं, "नदी लांब, घर चढावर... इथे कुठलं पाणी येतंय?" पण गेल्या शनिवारी दुपारी जे झालं, त्याला काही हसता येत नाही!

नवरा फ्रँकफर्टला गेलेला. घरात मी आणि बारा वर्षांची आमची तारा. ती इथेच जन्मली. मराठी बरंचसं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" ही म्हणाली, "जा." म्हणजे ‘हो’; खरा जर्मन उच्चार ‘या’, पण स्पेलिंग ja, म्हणून ती घरात गमतीनं ‘जा’च म्हणते. पण सासूबाई दिवसभर फुगून बसल्या — "नात मला जा म्हणते!"

तर शनिवारी एकाएकी आभाळ फाटलं. गारा, पाऊस, रस्त्यावरून चिखलाचे लोट. केलरमध्ये, म्हणजे तळघरात, घोट्याएवढं पाणी साचलं. मी धावत खाली गेले आणि खोकी वर उचलायला लागले. जिन्याकडे तोंड करून ओरडले, "तारा, खिडक्या लावल्यास का?"

"जा."

"मग टॉवेल घेऊन ये ना!"

"जा." पण पोरीचा पत्ता नाही. मी वैतागले. पलीकडच्या खिडकीखाली, रॅकवर, सासूबाईंनी दिलेले गौरींचे मुखवटे डब्यात ठेवलेले होते. ते सोडून कशी जाणार? रॅकपाशी पोचले, डब्याला हात लावला... आणि अगदी कानाशी ताराचाच आवाज, "आई, जा गं!"

माझं टाळकंच सटकलं. आईला जा म्हणते? डबा तिथेच ठेवून तिला झापायला तरातरा जिना चढले. शेवटच्या पायरीवर होते, तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. खिडकी फुटून चिखल आत घुसला होता आणि तो लोखंडी रॅक, मी उभी होते नेमका तिथेच, आडवा झाला होता. मी ताराला हाका मारत तिच्या खोलीकडे धावले.

खोली रिकामी! सगळं घर पालथं घातलं. शेवटी बेल वाजली. दारात तारा, चिंब भिजलेली. पाऊस सुरू व्हायच्या आधीच ती समोरच्या मैत्रिणीकडे गेली होती, आणि मी हेडफोन लावून बसलेली, मला पत्ताच नाही. तिला घट्ट धरून मी रडले.

नवरा म्हणतो पाइपांचा आवाज असेल, घाबरल्यावर भास होतात. असेलही. पाइपातून ‘जा’ येईल एक वेळ... पण ‘आई’? तारा मला जन्मात आई म्हणालेली नाही, इथल्या जर्मन मुलांसारखं ‘मामा’च म्हणते.

रात्री जेवताना तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, वास हाइस्ट ‘गं’?"

‘गं’ म्हणजे काय, हेसुद्धा तिला माहीत नाही. मग मला वर कोणी पाठवलं... मला खरंच माहीत नाही.