आमच्या घरचा बायोकेमिस्ट

माझ्या आतेभावाएवढं थोडं शिकून एवढं जास्त बोलणारा माणूस अख्ख्या अंधेरीत दुसरा झाला नसेल. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो मालवणजवळच्या गावाहून आमच्याकडे शिकायला आला. मेडिकलची जागा हुकलेली, त्यामुळे तोंड पाडूनच आला. आमच्या भागात नव्याने निघालेल्या एका खाजगी कॉलेजात बायोकेमिस्ट्रीच्या बी.एस्सी.ला जागा रिकाम्या होत्या, एवढ्याच कारणासाठी त्याने तो विषय घेतला. पण महिन्याभरात त्याचा असा समज झाला, की विषयानेच आपल्याला निवडलं आहे. मी तेव्हा अकरावी कॉमर्सला, म्हणजे त्याच्या लेखी निरक्षर. "डॉक्टर काय गो, औषध लिवन मोकळो," तो मला ऐकवायचा. "आत काय चल्ला ता आमकाच कळता."

आमच्या दोन खोल्यांत त्याच्या ज्ञानापासून लपायला जागा नव्हती. बाबांनी चहात बिस्किट बुडवलं, की लाळेत कुठलं एन्झाइम आहे ते हा सांगणार, आणि वर ते नाव बाबांकडून घोकून घेणार. प्रयोगशाळेत घालायचा पांढरा कोट घालून हा रेशनच्या रांगेत उभा राहायचा. एकदा पुढच्या म्हातारीने त्याला डॉक्टर समजून जीभ दाखवली. ह्याने ती नीट वाकून पाहिली आणि गंभीरपणे मान हलवली. शरमेने रांग मी सोडली, त्याने नाही.

दुसऱ्या वर्षी लघवीतली साखर तपासायला शिकवली आणि आमची वाट लागली. कॉलेजातून तो निळ्या द्रावणाची एक बाटली घेऊन आला, आणि बाबांना म्हणाला, "मामानू, तुमचा सॅम्पल व्हया." बाबांचा स्वभाव भिडस्त. त्यांनी दिलं. स्वयंपाकघरातल्या स्टोव्हवर, आईच्या सांडशीत परीक्षानळी धरून ह्याने ते उकळवलं. आई बाहेरच्या खोलीत नाकाला पदर लावून बसली होती. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल. "साखर आसा!" तो ओरडला, ते लॉटरी लागल्यासारखं.

त्या दिवसापासून घरात कारलं शिजायला लागलं. बाबांनी चहा बिनसाखरेचा केला आणि आईला विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते हळूच सांगून ठेवलं. आई देवापुढे बसून रडायची. हा मात्र रोज संध्याकाळी बाबांचे पाय दाबून बघायचा, मुंग्या येतात का विचारायचा, आणि नाही म्हटलं की जरा हिरमुसायचा. शेवटी आईने बाबांना ओढत डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "घरी तपासलंत तेव्हा लघवी कशात घेतली होती?"

मधाच्या रिकाम्या बाटलीत. ह्याने ती एकदा पाण्याने खळखळवली होती, बस.

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. घरी येऊन आईने त्याला जे सुनावलं, ते शेजारच्या बिऱ्हाडांनीही ऐकलं. "त्या माणसाला जिवंतपणी मारलंस रे!" मी हसून हसून लोळले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा ट्रंक भरून दारात उभा. "मामानू, मी जातंय गावाक. माका ह्या जमाचा नाय."

बाबा आत गेले. स्वयंपाकघरातून त्यांनी एक काचेची बाटली घेतली, साबण लावून धुतली, गरम पाणी ओतून पुन्हा धुतली आणि मोरीत गेले. बाहेर येऊन ती त्याच्या हातात ठेवत म्हणाले, "अरे, चुकलास ते बाटलीत. विषयात नाही. घे, पुन्हा तपास."

सांडशी आईने स्वतः धरली. तिने या वेळी नाक दाबलं नाही. द्रावण निळंच राहिलं. आम्ही चौघंही बराच वेळ ते निळं बघत उभे राहिलो.

तो सेकंड क्लासमध्ये पास झाला आणि पुढे एका डेअरीत दूध तपासायला लागला. त्याची बडबड काही कमी झाली नाही. दोन वर्षांनी मे महिन्यात मी त्याच्याबरोबर गावी गेले होते. आत्याला बायोकेमिस्ट्री हा शब्द काही केल्या उच्चारता येत नव्हता. दारात येईल त्याला ती आपल्या मुलाबद्दल सांगायची, "माझो झील मुंबैक डॉक्टरांका शिकयता." मला वाटलं, आता हा तिलाही धडा देणार. जगात कोणाचीही चूक न सोडणारा माझा आतेभाऊ पाटावर मान खाली घालून जेवत राहिला, आणि ती ते पुन्हापुन्हा सांगत राहिली.