बासवाल्याची जागा

मंगळवारी सकाळी काका गेले. मावशीने चहा ओतला होता. तो तसाच राहिला.

सगळ्या चारकोपात त्यांच्याइतका चटकन चिडणारा आणि त्यांच्याइतका सावकाश वाजवणारा माणूस दुसरा नव्हता. माझ्या मावशीचे हे यजमान मूळचे मालवणकडचे. भजनी मंडळात पेटी वाजवता वाजवता ते हॉटेलातल्या पियानोवर जाऊन बसले आणि जॅझमधल्या बॅलडवर, म्हणजे त्या संगीतातल्या संथ प्रेमगीतांवर, त्यांचा जीव जडला. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुना पियानो घरात आणला. तो आत यावा म्हणून सोफा बाहेर गेला, कायमचा. पाहुणे मग पलंगाच्या कडेवर बसत आणि खोकले तर बोलणी खात. वाजवताना पंखा बंद, कारण पंख्याला स्वतःचा ठेका असतो. कुकरला मनाई. वरण पातेल्यात शिजायचं आणि मावशी डाव आपटून आपलं मत नोंदवायची. तेवढा एक आवाज मात्र ते खपवून घेत. हॉटेलात एकदा लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "जरा फास्ट होऊ दे ना." काकांनी पियानोचं झाकण खाली केलं. "घाई असेल तर रिक्षा पकडा," म्हणाले. त्यानंतर काही दिवस ते घरीच होते.

मला समजावताना मात्र राग निवळायचा. उजव्या हाताने एकच सूर धरून ते डाव्या हाताने खाली सूर मांडत. "ऐक झिला. हो 'ग'. आता घरात बसलो हा." मग खालचे सूर बदलत. "आता तोच दारात उबो हा. चप्पल घातल्यान. 'ग' हललो काय? नाय! खाली शेजार बदललो, इतक्याच." मी कान देऊन ऐकायचो, आणि खरंच तो सूर निघायच्या तयारीत असल्यासारखा वाटायचा.

पण सगळ्यात खालचा सूर, ज्याच्यावर बाकीचे उभे राहतात, तो काका कधीच वाजवत नसत. तो मढच्या त्यांच्या मित्राचा. मित्र बास वाजवायचा, माणसाएवढं उंच तंतुवाद्य, आणि हॉटेलात काकांच्या डाव्या हाताला उभा राहायचा. तो सूर बासवाला देतोय तर पियानोने त्यात लुडबुड करायची नाही, असा त्यांचा रिवाज. मित्र वारला. काकांनी तरीही तो सूर घेतला नाही. घरात डाव्या हाताला फ्रिज होता. प्रत्येक ओळ सुरू करताना काका फ्रिजकडे बघून मान हलवत आणि किंचित थांबत. नवखा माणूस फ्रिजमध्ये काय आहे ते बघायला उठायचा. एकदा मी म्हटलं, "काका, आता तो सूर तुम्हीच घ्या ना. कोण येणार आहे?" ते असे भडकले की खाली वॉचमनने मान वर केली. "त्येची जागा हा ती! मी थंय घुसलंय तर तो खंय उबो रवतलो?"

त्याच आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी लग्नांत कीबोर्ड वाजवतो. त्याने मावशीच्या फोनमधलं काकांचं वाजवणं मागून घेतलं होतं. ते त्याने स्पीकरवर लावलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यात बास होता. ड्रम होते. काका जिथे जिथे थांबले होते तिथे तिथे धम्म, धम्म. पुढच्या रांगेतल्या बाईंनी पायाने ठेका धरला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काकांचा डावा हात जरा पोकळ येत होता ना रे, मी भरून काढला. स्पीडपण थोडा वाढवला. झकास वाटतंय ना?"

"बंद कर."

"अरे यार, सुट्टी टाकून बसलो मी त्याच्यावर!"

मी आवाज चढवणारा माणूस नाही. त्या दिवशी चढवला. माणूस गेला की त्याला दुरुस्त करायची लोकांना केवढी हौस! एकाने इतकी वर्षं मित्रासाठी जागा धरून ठेवायची, आणि दुसऱ्याने फुलांचा हार वाळायच्या आत तिथे सामान आणून टाकायचं, वर शाबासकी मागायची. मी आणखीही बरंच बोललो. कोणीतरी मला पाणी दिलं. मग मावशी खुर्चीतूनच शेजाऱ्याला म्हणाली, "बाबा, बंद कर ता. थंय माणूस उबो हा."

त्याने बंद केलं. पण गाणं तोवर सोसायटीच्या ग्रुपवर गेलं होतं आणि त्याखाली हात जोडलेली चित्रं जमली होती. अजूनही कोणी ना कोणी मला ते पाठवतं, "काकांचं ऐकलंस का?" म्हणून, आणि मी अजूनही चिडतो. काका असते तर एका आवाजात सगळ्यांना गप्प केलं असतं. मला ते जमत नाही.

रविवारी मी मावशीकडे जातो. ती गॅस बंद करते, मी पंखा बंद करतो, आणि ती फोन पियानोवर ठेवते. मूळचं वाजवणं त्या फोनमध्ये आहे. त्यात काकांचे दोन्ही हात आहेत. बास नाही.