बाजारभाव ऐकणारी बाई

शेजारच्या काकांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

ज्यांनी त्यांना पाहिलेलं नाही, त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. विमानतळाशेजारच्या या डच गावातल्या आम्हा बाडहूव्हडॉर्पकरांना वाटलं असतं. हे गृहस्थ कोपऱ्यावरच्या बेकरीतून "काय ओ संपादक, चहा झाला का?" असं विचारायचे आणि मी स्वयंपाकघरातून उत्तर द्यायचे. मी संपादक नव्हते. पुण्यातल्या एका बातम्यांच्या संकेतस्थळासाठी घरून मजकूर तपासत होते. पण त्यांनी एकदा हुद्दा दिला की तो कायम होत असे.

काका मूळचे मिरजेचे. सगळी नोकरी विमानतळावर, सामान चढवण्या-उतरवण्याच्या विभागात गेली. इंजिनांच्या शेजारी उभं राहून बोलायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. आमच्या दोन घरांमध्ये एक सामाईक भिंत होती. त्यांच्या बहिणीचा कुठला गुडघा दुखतो, हे मला त्या भिंतीतून ठाऊक होतं.

महामारीच्या आधी हे कुणाच्या फारसं लक्षात येत नसे, कारण डोक्यावरून सतत विमानं जात. मग विमानं जवळजवळ थांबली. गाव इतकं शांत झालं की कालव्यातली बदकं ऐकू येऊ लागली, आणि काका. बदकांपेक्षा काका जास्त.

काकू टाळेबंदीच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. मुलगी रॉटरडॅमला बंदराच्या कामात. इकडेच जन्मलेली, मराठी सगळं समजणारी, उत्तर मात्र डच किंवा इंग्रजीत देणारी. ती आठवड्यातून एकदा यायची आणि बागेत लांब बसून जायची. बाकीचे दिवस काका फोनवर, आणि फोन संपला की कुणाशीच नाही. भिंतीच्या अलीकडे मला ते आवाजापेक्षा जास्त जाणवायचं.

त्या शरद ऋतूत त्यांच्या घरातून आवाज येणं अचानक बंद झालं. दोन दिवस मी वाट पाहिली. त्या काळात शांततेचा एकच अर्थ मनात येई. मी मास्क लावून बेल वाजवली, तेव्हा ते बोट ओठांवर आलं.

"हळू," ते पुटपुटले. "बाई आल्यात."

बाई जिन्याखालच्या कपाटात होत्या. रोमानियातल्या रस्त्यावरून उचललेली, निवाऱ्यात वाढलेली, व्हॅनमधून अर्धा युरोप ओलांडून आलेली तपकिरी कुत्री. निवाऱ्यात ठेवलेलं नाव काकांना उच्चारता येईना, म्हणून बाई. फोटोंमधून हीच का निवडली, असं मी विचारलं. म्हणाले, "बाकीचे सगळे कॅमेऱ्याकडं बघत होते. ही एकटी भिंतीकडं तोंड करून बसली होती. म्हटलं, आपल्यासारखीच आहे."

तिला सगळ्याची भीती वाटे. छत्रीची, टपालपेटीच्या झडपेची, स्टीलच्या ताटल्यांची. व्हॅक्यूम क्लीनर तर माझ्याकडे मुक्कामाला आला आणि तिथेच राहिला. पण सर्वांत जास्त भीती काकांच्या आवाजाची. त्यांनी "या, बाई, जेवून घ्या" म्हटलं की ती आणखी आत सरकायची.

कुत्रे दत्तक देणाऱ्या संस्थेची एक कार्यकर्ती पाहणीला आली. तिने बागेत उभं राहून शांतपणे सांगितलं, की घर चांगलं आहे, कुंपण उंच आहे, तुमचं मनही चांगलं आहे. पण ही कुत्री उन्हाळ्यापर्यंत तुमच्याजवळ आली नाही, तर तिच्यासाठी आम्हाला अधिक शांत घर शोधावं लागेल. काकांनी मान डोलावली.

मुलगी वर्षानुवर्षं श्रवणयंत्र घ्या म्हणून मागे लागली होती. काकांचं उत्तर ठरलेलं असे: "मला सगळं ऐकू येतं. लोकच हळू बोलतात." त्या आठवड्यात ते आपणहून डॉक्टरकडे गेले. यंत्र लावून आले त्या दुपारी कुंपणापाशी उभे राहिले.

"संपादक, मी इतकी वर्षं असा बोलत होतो?"

"हो, काका."

"आणि तुम्ही कुणी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं."

"ऐकू आलं नसेल," म्हणाले.

संस्थेच्या कार्यकर्तीने एक उपाय सुचवला होता. कुत्रीकडे पाठ करून जमिनीवर बसायचं, तिच्याकडे बघायचं नाही, आणि हलक्या, सपाट आवाजात काहीतरी वाचत राहायचं. काकांनी काकूंच्या कपाटातून कथासंग्रह काढला. पहिल्याच पानावर सासरा सुनेवर ओरडला, तर काकाही ओरडले. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

मग त्यांनी माझी बेल वाजवली आणि नियमाप्रमाणे चार पावलं मागे जाऊन उभे राहिले. "तुमच्याकडं असं काही आहे का, ज्यात काहीच होत नाही?"

माझ्याकडे तेच होतं. शेतमालाचे बाजारभाव. रोज पुण्याहून मजकूर यायचा; मी आकडे आणि अनुस्वार तपासून परत पाठवायचे. कांद्याची आवक, तुरीची मागणी, भाव स्थिर राहिले किंवा किंचित उतरले. आपण लिहिलेलं कुणी वाचतं का, असा प्रश्न माझ्या कामात विचारायचा नसतो. मी त्या दिवशीचा कागद छापून त्यांना दिला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. चेहरा उजळला होता. "फार छान लिहिता. बाई झोपल्या."

त्यानंतर रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून एक हलकी गुणगुण येऊ लागली. कान दिला तर शब्द कळायचे. "कांद्याची आवक वाढली. मागणी बेताची. भाव स्थिर राहिले." शेवटच्या वाक्याशी ते जरा थांबत, जणू कुणाला धीर देत आहेत. दर शनिवारी माझ्या उंबऱ्यावर मटकीच्या उसळीचा डबा असे. आणि अधूनमधून तक्रार: "काल हळदीचे भाव कडाडले म्हणून लिहिलंत. कडाडले नको. बाईंनी कान टवकारले." त्यांच्या प्रतीत मी 'वाढले' करून द्यायला लागले. माझा मजकूर इतक्या काळजीने कुणी वाचला नव्हता.

हिवाळ्यात बाईंचं नाक कपाटाबाहेर आलं. वसंतात पुढचे पाय आले. काकांपर्यंत मात्र ती आली नव्हती. हातभर अंतर राहत होतं, आणि उन्हाळा तोंडावर आला होता.

विमानं परतली. निवाऱ्यातून आल्यापासून बाईंच्या अंगावर एक पट्टा होता; त्याची लांब दोरी धरून एका संध्याकाळी काका आणि मी तिला बांधावरून फिरवत असताना एक मोठं विमान नेमकं डोक्यावरून उतरलं. बाईंनी उलटी झेप घेतली, पट्ट्यातून अंग सोडवलं आणि ती कालव्यापलीकडच्या कुरणात नाहीशी झाली. काकांच्या हातात रिकामा पट्टा राहिला.

मी घाबरून मराठी ग्रुपवर कळवलं. ते करायला नको होतं, हे थोड्याच वेळात दिसलं. आपली माणसं मदतीला धावतात आणि बोलत धावतात. सायकली आल्या, मुलं आली, एकाने तर शिट्टी आणली. शेजारचे डच म्हातारा-म्हातारीही निघाले. सगळं कुरण "बाई! बाई!" करू लागलं. दूरच्या गवतात एक तपकिरी पाठ दिसली आणि आणखी दूर गेली. पलीकडे हमरस्ता होता.

त्या सगळ्यांपेक्षा लांब हाक काकांची गेली असती. त्यांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्यांनी ते मिटलं आणि माझ्याकडे वळले.

"संपादक, सगळ्यांना घरी पाठवा."

मी प्रत्येकापाशी जाऊन विनवलं. एक आजी म्हणाल्या, हाक मारल्याशिवाय कुत्रं येतं होय? तरी गेल्या. सगळे बांधामागे जाऊन उभे राहिले.

काका कुरणाच्या मधोमध ओल्या गवतात बसले, ज्या बाजूला ती गेली होती तिकडे पाठ करून. खिशात कागद नव्हता. जवळ मी होते, म्हणून ऐकू आलं. "कांद्याची आवक वाढली. मागणी बेताची. भाव स्थिर राहिले." मग तूर. मग हळद. संपलं की पुन्हा कांदा.

वरून दुसरं विमान आलं. त्याच्या आवाजात काकांचे शब्द पूर्ण बुडाले. ओठ तेवढे हलताना दिसत होते. ज्या माणसाने आयुष्यभर विमानांवर आवाज चढवला, त्याने तो चढवला नाही. विमान गेलं तेव्हा ते तुरीवर होते.

ती लांबून वळसा घेत आली. थांबली, बसली, परत उठली. शेवटचं हातभर अंतरही आलं आणि संपलं. तिने नाक काकांच्या कोपराखाली खुपसलं. काकांनी वळून पाहिलं नाही. हळद पूर्ण केली.

संस्थेच्या कार्यकर्तीला मीच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मग आता ती त्यांचीच.

पुढच्या दीड वर्षात मी काकांना पुष्कळदा पाहिलं, पण आठवतात ते दोघं बांधावर हळूहळू चालताना. ते बोलत आणि ती ऐकत असे. निर्बंध उठल्यानंतरच्या हिवाळ्यात काका झोपेत गेले. सकाळी भिंतीपलीकडे ती भुंकली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मुलगी तिला रॉटरडॅमला घेऊन गेली. काही आठवड्यांनी तिचा फोन आला. "ताई, ती टेबलाखालून बाहेरच येत नाही. आय ट्राइड एव्हरीथिंग. बाबा ते वाचायचे ना... मला देवनागरी येत नाही."

मी ट्रेनने गेले, पुढे मेट्रोने. पिशवीत त्या दिवशीचा कागद होता. आम्ही दोघी टेबलाकडे पाठ करून लाकडी जमिनीवर बसलो. मी एक वाक्य वाचायचे, ती ते म्हणायची. 'आवक' म्हणजे काय, ते तिने विचारलं, मी सांगितलं. तिचे उच्चार डच वळणाचे होते, पण आवाज खालचा होता आणि वाक्याच्या शेवटी ती बापासारखी थांबत होती. दुसऱ्या फेरीला मी गप्प झाले. ती आठवून म्हणत राहिली.

जमिनीवर नखं वाजली. माझ्या खांद्याशी एक ओलसर श्वास थांबला, त्याने खात्री करून घेतली आणि तो पुढे गेला. मग शेजारी ती मुलगी किंचित पुढे झुकली, पाठीवर वजन पडल्यावर माणूस झुकतो तशी.

तिने वळून पाहिलं नाही. डोळे पुसलेही नाहीत, हात हलला असता म्हणून.

"भाव," ती हळूच म्हणाली, "स्थिर राहिले."