काशिनाथरावांचा बैल, बाजू ब

सकाळचे अकरा. लातूर, गंजगोलाईच्या मागची गल्ली, सलीमभाईचं कॅसेटचं दुकान. देवणीचे शेतकरी काशिनाथराव आत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सलीम, माझा बैल लाव."

सलीमभाईने काही न विचारता कॅसेट लावली.

माझी निम्मी वार्ताहरकी त्या दुकानात गेली. आमच्या पेपरचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. बातम्या वर लिहायच्या, चहा खाली प्यायचा. बातमीत जे बसत नाही ते माणसाजवळ साठत जातं, आणि ज्या संपादकांनी ते कापलं ते रिटायर झाले की बोलायला मोकळीक मिळते. हल्ली पेपरांत 'माझा आवडता अल्बम' असं सदर असतं. त्यात लोक गायकी, रियाझ, सुरांची जादू असलं काय काय लिहितात. साफ खोटं. आमच्या कट्ट्यावर एकालाही कुठला अल्बम गाण्यामुळे आवडलेला नव्हता.

*

आता बैलाचं. देवणीच्या भजनी मंडळाचा अल्बम सलीमभाईने काशिनाथरावांच्या अंगणात रेकॉर्ड केला होता. ब बाजूच्या शेवटच्या भजनात बुवांनी वरचा सूर लावला आणि गोठ्यातून काशिनाथरावांचा बैल हंबरला. चांगला लांबलचक.

बुवा चिडले. "पुन्हा घ्या."

काशिनाथराव म्हणाले, "कशाला? त्यो तुमच्यापेक्षा सुरात हाय."

अंगण त्यांचं, मंडळाचं जेवण त्यांच्याकडे. बैल राहिला. पुढच्या वर्षी बैल गेला. त्याचा फोटो कुणी काढला नव्हता. उरलं ते तेवढं हंबरणं.

*

नांदेडचा आमचा वार्ताहर गंगाधर. त्याचा जीव एका गझलच्या अल्बमवर. ऐकून ऐकून कॅसेट तुटली, म्हणून त्याने लातुरात येऊन नवी घेतली. दुकानातच लावून बघितली आणि परत केली.

"हा तो गायक नव्हे. याला गाडी पकडायचीय का? केवढ्या घाईत गाऊन राहिला."

सलीमभाईने विचारलं, "घरी मशीन कशावर चालतं तुमचं?"

"सेलवर. कॉलेजात घेतलं तेव्हापासून."

"आणि सेल कधी बदलता?"

"बंद पडल्यावर."

सलीमभाईने कचऱ्याच्या डब्यातून जुने सेल काढून मशीनमध्ये घातले. गायक दमला, आवाज जड झाला, एकेक शब्द ओढत बाहेर येऊ लागला. गंगाधरचे डोळे भरून आले.

"आता गातोय," तो म्हणाला. कॅसेटीबरोबर ते सेलही घेऊन गेला.

*

मग लातुरात क्लासेसचं पीक आलं. ज्या पोरांना शहरात खोली परवडत नव्हती त्यांच्यासाठी सरांची लेक्चरं कॅसेटवर भरून गावोगाव जाऊ लागली. कोरी कॅसेट विकत कोण घेणार? लोक घरातलीच आणायचे. कॅसेटच्या कोपऱ्यातली खिट्टी मोडलेली असली तर तिच्यावर काही भरता येत नाही. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की येतं. सलीमभाई दिवसभर चिकटपट्ट्या लावत बसायचा. भजनं, कव्वाल्या, वगनाट्यं, सगळ्यांवर प्रकाशाचं परावर्तन.

लेक्चर छोटं आणि कॅसेट मोठी, त्यामुळे शेवटी जुनं काहीतरी शिल्लक राहायचं. मेरिटमध्ये आलेल्या एका पोरीच्या कॅसेटीत परावर्तन संपल्यावर ढोलकी वाजत होती. ही गोष्ट बाहेर फुटली. आठवडाभरात मुरुडचे एक पालक दुकानात हजर.

"ढोलकीवालं फिजिक्स द्या."

"काका, ढोलकी चुकून राहिली."

"चुकून कसं? पोरगी मेरिटला आली का न्हाई?"

नंतर खुद्द क्लासचे सर आले. विज्ञानाची विटंबना चाललीय म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. गर्दी पांगल्यावर खाली वाकून हळूच म्हणाले, "केमिस्ट्रीच्या मागेही टाकता येईल का?"

*

त्याच लाटेत काशिनाथरावांच्या सुनेने घरातल्या भजनाच्या कॅसेटीवर केमिस्ट्री भरून नेली. काशिनाथराव दुकानात आले. 

"सलीम, बैलाच्या जागी कार्बन बोलायलाय."

"चाचा, मास्टर, म्हणजे मूळ कॅसेट, माझ्याजवळ आहे. तेवढी एकच राहिली आता. आठवड्याने या, नवी भरून देतो."

त्या आठवड्यात भूकंप झाला.

*

भूकंपाचं जे लिहायचं ते मी तेव्हा लिहिलं. हे मात्र छापलं गेलं नाही. सलीमभाई पाण्याच्या टँकरबरोबर गावोगाव फिरत होता. मागे त्याच्या दुकानावर एका सरकारी कार्यालयाची जीप आली आणि मास्टर कॅसेटींचं खोकं उचलून घेऊन गेली. कारण काय, तर भूकंपग्रस्तांचं मनोबल वाढवायचं.

पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लोकांसमोर भर दुपारी कर्णा लागला. खोक्यातली हाताला आली ती पहिली कॅसेट लग्नाच्या सनईची. लोक शेडमधून बाहेर येऊन एकमेकांकडे बघू लागले. एक म्हातारी काठी टेकत त्या कार्यालयाच्या साहेबांपाशी गेली.

"नवरदेव कुठंय?"

"आजी, लग्न नाही. मनोबल आहे."

"मग जेवायला काय हाय मनोबलात?"

साहेबांनी मला सांगितलं, "लिहा, उत्स्फूर्त प्रतिसाद." मी म्हातारीचा प्रतिसाद जसाच्या तसा लिहिला. संपादकांनी तो कापला.

*

पुढचा पावसाळा आला तरी खोकं परत आलं नाही. सलीमभाई, काशिनाथराव आणि मी कार्यालयात गेलो. कॅसेटी कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या कारकुनाच्या खिशातून नांदेडला गेली होती. गंगाधरने त्याला गाठून ती एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवली. कपाट उघडलं. खोकं जसंच्या तसं. काशिनाथरावांनी टोपी काढून हातात धरली.

कार्यालयाच्याच मशीनवर सलीमभाईने ब बाजू लावली. शेवटचं भजन आलं. बुवांचा वरचा सूर आला.

बैल नव्हता. तिथे एका पुरुषाचा आवाज अत्यंत अदबीने म्हणाला, "व्यत्ययाबद्दल क्षमस्व." लगेच भजन पुढे सुरू.

सलीमभाईने कॅसेट काढून उलटी केली. कोपऱ्यातल्या भोकावर चिकटपट्टी होती. "ही माझी नाही," तो म्हणाला. "मास्टरला मी पट्टी लावतच नाही."

मी साहेबांना विचारलं, हा उद्योग कुणी केला? साहेब म्हणाले, कार्यालयात असं काही घडत नसतं.

काशिनाथराव उठले आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभे राहिले. "एकेकानं बोला. म्हना, व्यत्ययाबद्दल क्षमस्व."

शिपाई म्हणाला. टायपिस्ट म्हणाला. दोन्ही कारकून म्हणाले. जीपच्या ड्रायव्हरला खालून बोलावलं, तोही म्हणाला. शेवटी साहेबांनी खुर्चीतून उठून म्हटलं. दर वेळी सलीमभाई कॅसेट मागे घेऊन तेवढी जागा पुन्हा ऐकवायचा आणि काशिनाथराव डोळे मिटून ऐकायचे.

एकाचाही आवाज जुळला नाही. ऐकायचा राहिला तो एकच, किल्ली खिशात घालून नांदेडला गेलेला कारकून.