जीप, क्रॉसओव्हर आणि चार गोण्या मीठ

आमचं घर मिठागरावर चालायचं. गव्हाणला खाडीच्या काठी वडील मिठाच्या वाफ्यात काम करायचे. ते गेले तेव्हा मी सातवीत होतो आणि हरीदादा नववीत. तेरावं झाल्यावर दादा शाळेत गेला तो फक्त दप्तर घरी आणायला. त्यानंतर तो वडिलांच्या जागी वाफ्यात उतरला. संध्याकाळी पायांच्या भेगांत मीठ असायचं. आई तेल कोमट करून लावायला बसली की तो पाय मागे घ्यायचा आणि मला म्हणायचा, "मना काय नाय झालं. तू वाच."

मी वाचलं. पनवेलच्या कॉलेजातून बी.कॉम. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे मी अभिमानानं लिहितो, कारण त्यातली निम्मी पदवी दादाची आहे.

फौजेत क्लार्कच्या जागा भरल्या होत्या. ड्रायव्हरचा ट्रेड मिळाला, तो घेतला. गावात हसले. ग्रॅज्युएट होऊन गाडी हाकायला गेला म्हणाले. मी चोवीस वर्षं गाडी हाकली आणि नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे त्या वेळी मी हवालदार होतो. पोस्टिंग उत्तरेला, उंचावर. दिवस पाच वाजता सुरू व्हायचा. सहाला फर्स्ट परेड, म्हणजे गाडीची रोजची तपासणी. तेल, पाणी, हवा, ब्रेक. माझ्याकडे फोर-बाय-फोर जीप होती. को-ड्रायव्हर लान्स नायक दिनेश नेगी, गढवालचा, वय सव्वीस. बोलायला कमी, खायला जास्त. मला उस्ताद म्हणायचा. जीपच्या मागच्या ॲक्सलवर तो वाळूच्या चार गोण्या ठेवायचा आणि रोज सकाळी त्या हलवून बघायचा. मी एकदा विचारलं, कशाला एवढं ओझं? तो म्हणाला, "खाली गाड़ी नाचती है, उस्ताद."

नागरिकांसाठी सांगतो. जीपला जाड लोखंडी पाटे असतात. ते वजन उचलण्यासाठी बनवलेले. मागे वजन असलं तर पाटे दबतात आणि धक्का पितात. गाडी रिकामी असली तर पाटे दबतच नाहीत. प्रत्येक दगड थेट माणसाच्या पाठीत येतो. हे मला माहीत होतं. मी ते शिकवायचो.

त्या दिवशी १४.१० ला रस्त्यावर दरड आली. मोठी नव्हती. नेगी दगड बाजूला करत होता तेव्हा वरून दुसरी आली. त्याच्या कमरेवर दगड बसला. शुद्धीवर होता. मी रेडिओवर रिपोर्ट दिला.

"कॅज्युअल्टी एक. हेली मिलेगा? ओवर."

"नेगेटिव्ह. मौसम खराब. रोड से लाओ. ओवर."

एमआय रूम, म्हणजे फौजेचा दवाखाना, सतरा किलोमीटरवर. त्या रस्त्याला एरवी दीड तास लागायचा. मी हिशोब केला की गाडी हलकी केली तर वेळ वाचेल. जेरीकॅन खाली टाकले. वाळूच्या चारही गोण्या खाली टाकल्या. नेगीला स्ट्रेचरवर मागे बांधलं आणि निघालो.

गाडी पळाली. आणि नाचली. नेगी दोनदा म्हणाला, "उस्ताद, धीरे." दोन्ही वेळा मी ऐकलं. दोन्ही वेळा वाटलं, आता हळू झालो तर उशीर होईल. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही.

बावन्न मिनिटांत पोचलो. नेगी पोचला नव्हता.

डॉक्टर कॅप्टन म्हणाले, आत रक्तस्राव होता, कदाचित हळू आणला असता तरी गेला असता. कदाचित. माझ्या वेळेचं कौतुक झालं. सीओ साहेबांनी पाठीवर हात ठेवला. गोण्यांबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

रिटायर झाल्यावर मी लिलावातली एक जुनी जीप घेतली. का घेतली ते घरात कोणाला कळलं नाही. दादाचा मुलगा प्रतीक करंजाड्याला राहतो, आयटीत आहे. गेल्या वर्षी त्यानं पांढरी क्रॉसओव्हर घेतली. दिसायला एसयूव्ही, आतून दिवाणखाना. छत उघडतं, सीट गार होते, पडद्यावर बर्फ, वाळू, चिखल अशी चित्रं येतात आणि बोट लावलं की गाडी स्वतःला बदलते. दर रविवारी तो गव्हाणला आला की आमचा वाद ठरलेला.

"काका, तुमच्या गाडीतून उतरलं की मणके मोजून घ्यावे लागतात."

मी म्हणायचो, तुझी गाडी म्हणजे चाकं लावलेला सोफा. खाली वाक आणि बघ जमिनीपासून किती वर आहे. हिला वेगळी चासी नाही, लो गिअर नाही. चित्रावर बोट लावून चिखल निघत नाही. तो म्हणायचा, चिखलात जायचंय कोणाला? ओटीवर बसलेला दादा दोघांनाही हसायचा आणि म्हणायचा, सायकल घ्या आणि गप बसा.

हे मागच्या पावसाळ्यातलं. अमावास्या होती. सकाळपासून पाऊस, त्यात दुपारी पाऊणला उधाणाची भरती. ११.२० ला दादा पत्र्यावर प्लास्टिक टाकायला शिडीवर चढला आणि शिडी सरकली. पाठीवर पडला. मी पोचलो तेव्हा तो अंगणात पडून आभाळाकडे बघत होता. वहिनी त्याच्या डोक्यावर सूप धरून बसली होती.

"मना काय नाय झालं," दादा म्हणाला.

मी त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चिमटा घेतला. विचारलं, कळतंय का. त्यानं नजर पायाकडे नेली. मग म्हणाला, "तू घेतलास व्हय चिमटा?"

पनवेलच्या हॉस्पिटलात फोन लावला. डॉक्टर बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. मणक्याला लागलेलं दिसतंय. लवकर आणा. आणि धक्का बसू देऊ नका, धक्क्यानं पाय कायमचे जाऊ शकतात. अँब्युलन्सला विचारलं. ती दुसऱ्या गावी गेली होती आणि तिकडच्या रस्त्यात झाड पडलं होतं, दोन तास म्हणाले.

आमच्या आळीपासून मुख्य रस्ता चारशे मीटर. मधल्या रस्त्यावर एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या मिठागराचा खड्डा. बांधावरून पाणी आत यायला लागलं होतं. रविवार असल्यानं आधीच निघालेल्या प्रतीकला वहिनीनं कळवलं होतं. ११.४० ला तो पलीकडच्या टोकाला पोचला आणि त्यानं फोन केला. गाडी पाण्यात घालतोय म्हणाला.

"घालू नकोस."

"काका, ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. बाबा आहेत तिकडे."

"इंजिनात पाणी गेलं की ती तिथेच उभी राहील आणि माझाही रस्ता बंद होईल. तोंड पनवेलकडे कर. मागची सीट पाड. मी येतोय. ऑर्डर समज."

तो "बरं" म्हणाला.

जीप अंगणात आणली. मागे काही नव्हतं. रिकामी. मी तिथे उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. वहिनी म्हणाली, "भावजी, काय बघतास?"

दादाच्या पडवीत खड्या मिठाच्या गोण्या असतात. मिठागर बंद झालं तरी मासे खारवायला तो मीठ आणून ठेवतो. मी शेजारच्या दोघांना हाक मारली. पन्नास किलोच्या चार गोण्या मागच्या ॲक्सलवर टाकल्या. एकजण म्हणाला, बुडायला निघालोय आणि हा मीठ भरतोय. टायरमधली थोडी हवा काढली. गोण्यांवर दोन गाद्या, त्यावर दाराची फळी, फळीवर दादा. कपाळ, छाती, कंबर, गुडघे वहिनीच्या लुगड्यांनी बांधले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मिठाच्या पिशव्या. हे सगळं करायला चौदा मिनिटं गेली. पाणी तेवढ्या वेळात आणखी चढलं होतं. शेजाऱ्यांना मी ते हिशोबात धरलं आहे असं दाखवलं. धरलेलं नव्हतं.

रस्ता दिसत नव्हता. फौजेत पाणी ओलांडताना को-ड्रायव्हर पुढे चालतो. मी उतरायला लागलो तेव्हा वहिनीनं बांबू उचललेला होता.

"तुमी गाडी धरा. यो रस्ता मी मीठ वाहून केलाय."

ती अनवाणी पुढे झाली. पाण्यात डोळे कामाचे नसतात. टाचेनं दाबून बघायचं, घट्ट लागलं तर डांबर, सरकलं तर कड. शेजारचा एकजण मागे दादाचं डोकं धरून बसला. मी लो गिअर घातला, पहिला. पाणी वहिनीच्या गुडघ्याच्या वर होतं. एक पाऊल ती, एक पाऊल जीप.

मोरीपाशी तिनं हात वर केला. डाव्या बाजूची कड वाहून गेली होती. उजवीकडे जेमतेम गाडीएवढी जागा. पाणी आडवं ओढत होतं. मला एक जोराचा झटका देऊन ते पार करायचं होतं. पाय ॲक्सिलरेटरवर दाबायला लागला होता.

मागून दादा बोलला. "हलू रं, बाला."

मी पाय उचलला.

मोरी ओलांडायला चार मिनिटं लागली. दोनशे किलो मिठानं जीपला खाली धरून ठेवलं. मागे एकही धक्का गेला नाही. १२.१६ ला आम्ही मुख्य रस्त्यावर आलो. वहिनी मागे वळून बघत नव्हती. बांबूला धरून उभी होती.

प्रतीक धावत आला. त्यानं वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चला काका, असेच पुढे. तुमच्याच गाडीत. वेळ नको घालवायला."

वेळ वाचणार होता हे खरं. पण पुढे बारा-तेरा किलोमीटर रस्ता होता, खड्डे होते, आणि जीप ती जीपच. मी त्याला सांगितलं, "तुझ्या गाडीत घ्यायचं."

तो बघत राहिला. वर्षभराचा वाद. "सोफ्यात?"

"हो. खड्ड्यांच्या रस्त्यावर तुझी गाडी माझ्यापेक्षा चांगली आहे. तीसच्या वर जायचं नाही. कोणी हॉर्न दिला तरी नाही."

फळी सरळ उचलून सरळ ठेवली. चौघांनी, मी मोजलेल्या आकड्यावर. फळी पुढच्या सीटपर्यंत पोचली आणि दार लागलं. प्रतीकनं गाडी चालवली. मी मागे दादाचं डोकं धरून बसलो. मागच्या गाड्या शिव्या देत पुढे गेल्या. खड्डा आला की गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी खाली-वर व्हायची. दादानं एकदा विचारलं, "ही थंड हवा फुकट हाय का?" प्रतीक हसला आणि हसता हसता रडायला लागला. मी म्हणालो, समोर बघ.

१२.५८ ला हॉस्पिटल. डॉक्टर बाईंनी फळी, लुगडी आणि मिठाच्या पिशव्या बघितल्या आणि विचारलं हे कोणी बांधलं. मी म्हणालो, मी बांधलं, पण शिकवलं नेगीनं. त्यांना वाटलं नेगी कुठल्यातरी हॉस्पिटलातला असेल.

संध्याकाळी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर मी प्रतीकला सगळं सांगितलं. दरड, बावन्न मिनिटं, खाली टाकलेल्या गोण्या, "धीरे". इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो कँटीनमधून दोन चहा घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसून राहिला.

आता प्रतीकच्या सोसायटीतले लोक विचारतात, सुभेदार, नवी गाडी कुठली घ्यावी? मी विचारतो, कुठे जायचंय आणि मागे कोण झोपलंय.

दिवाळीनंतर मी गढवालला गेलो. नेगीच्या आईला भेटलो आणि गोण्यांचंही सांगितलं, तेव्हा टाकलेल्या आणि आता दादासाठी भरलेल्या. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, भाई चलता है अब? मी म्हणालो, चलता है.

लान्स नायक दिनेश नेगी, वय सव्वीस. त्याच्या चार गोण्यांची जागा मी माझ्या जीपमध्ये आता रिकामी ठेवत नाही. हरीदादा रोज सकाळी घरापासून मोरीपर्यंत आणि परत, काठी न घेता चालतो.