निळ्या रंगाखालचा नंबर

देवराव घरी येतोय हे अकोल्याच्या वस्तीत आधी कानाला कळायचं. त्याची फटफटी अर्धा मैल दुरून ठणाणा करायची. लढाईच्या काळात तो फौजेत होता, अशाच गाडीवर बसून निरोप पोचवायचा. लढाई संपली, पलटणीनं घरी पाठवलं, तेव्हा लष्करानं लिलावात काढलेली एक गाडी त्यानं भंगाराच्या भावात उचलली. मग गावोगाव फिरून शेतकऱ्यांची ऑईल इंजिनं दुरुस्त करू लागला. इंजिन बंद पडलं की लोक त्याला बोलावणं धाडायचे आणि चहा मात्र कान तुटलेल्या, वेगळ्या ठेवलेल्या कपात द्यायचे. चहा पिऊन तो कप तिथंच दगडावर फोडायचा आणि म्हणायचा, "आता नवा घ्या."

असा माणूस. मान ताठ, डोकं गरम.

छप्पनच्या दसऱ्याला दीक्षेसाठी नागपूरला निघताना त्यानं आणि त्याच्या बायकोनं, इंदूबाईनं, अख्खी गाडी निळी रंगवली. ब्रश नव्हता, चिंध्यांनी रंग फासला. पांढरं लुगडं नेसून इंदूबाई मागं बसली, आणि त्या दिवसापासून ती नुसती गाडी राहिली नाही. वस्तीत लग्न असलं की नवरदेव तिच्यावर बसायचा.

बासष्टच्या उन्हाळ्यात अमरावतीच्या हौशी फटफटीवाल्यांनी शर्यत ठरवली. डांबरावर नव्हे. दर्यापूरच्या बाजूला पूर्णेच्या कोरड्या पात्रातून, मग भेगाळलेल्या काळ्या रानातून. देवराव बैठकीत उभा राहिला तो भांडायलाच.

"कापसाच्या जिनवाल्याचा पोरगा नवी कोरी गाडी आणीन, आन् आमी लढाईतले डबडे! ही काय शर्यत झाली? जुन्या गाड्याइची येगळी ठेवा. पंचेचाळीस सालापोतर बनली तेच घ्या."

लोकांना पटलं. मोटारी दुरुस्त करणारा एकजण म्हणाला, "इंजिन पाहून साल ठरवू." आमच्याकडच्या गॅरेजात तोच रिवाज. बाकी काही बदला, इंजिन जुनं तर गाडी जुनी. पण देवरावला त्यात जिनवाल्याची लबाडी दिसली. तो गरजला, "इंजिन तर कोनीबी बदलवते! नव्या सांगाड्यात जुनं इंजिन टाकीन आन् आपल्याले येडं बनवीन. हँडलाखाली सांगाड्याच्या मानेवर नंबर ठोकला असते, त्याच्यावरून साल पाहा."

तोच नियम झाला. टाळ्या पडल्या. देवराव खूश.

शर्यतीच्या दिवशी तपासणीला किसनराव होते. अकोल्याच्या जिनमधले फिटर, सरळ माणूस. रांगेत देवरावच्या पुढं गुलाम नबी उभा होता. ताजनापेठेतला वेल्डर, देवरावचा जिवाचा दोस्त. किसनराव वाकले, तसा गुलाम नबी स्वतःच म्हणाला, "कायले डोये फोडता भाऊ? इंजिन लढाईतलं हाये, सांगाडा सत्तेचायीसचा. मीच बसवला." आणि हसत गाडी शर्यतीतून बाजूला घेतली.

देवरावला तेव्हा कुठं आठवलं. त्याचा स्वतःचा सांगाडा बाळापूरच्या रस्त्यावर मधोमध तुटला होता, आणि दुसरा याच गुलाम नबीनं बसवून दिला होता. एकोणपन्नासचा. रिवाजाप्रमाणं तो आपली गाडी लढाईतलीच समजत आला. बैठकीत गरजताना ही गोष्ट त्याच्या मनातही आली नव्हती.

"देवराव, मानेवर रंग लय जाड हाये," किसनराव पत्र्याचा तुकडा काढत म्हणाले. "जरासाक खरवडतो. नंबर दिसून नाही राहिला."

दोन शब्दांत मिटलं असतं. गुलाम नबीनं मिटवलंच होतं की! पण वस्तीतली माणसं बैलगाड्या करून आली होती, बाया भाकरी बांधून आल्या होत्या. देवरावच्या तोंडून भलतंच निघालं.

"हा रंग कोनता हाये, ठाव हाये का किसनराव? याले पत्रा लावून तर पाहा!"

किसनरावांचा हात थबकला. मागून घोषणा सुरू झाल्या. किसनराव उठले, हात पुसले. "जा बापा," एवढंच म्हणाले.

देवराव पहिला आला. त्यानं गुलाम नबीकडं पाहिलं नाही. सुंदराबाई नावाची म्हातारी काठी टेकत आली, गाडीच्या निळ्या टाकीवर हात ठेवला, तो कपाळाला लावला. म्हणाली, "आपला रंग राखला रे लेका." देवरावला वाटलं, हिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतला तरणा चंद्रभान दहा-बाराजण घेऊन दारात. हातात खेटरांची माळ. "चाल देवरावदादा. किसनराव अमरावतीच्या गाडीले निंगाला. टेशनावर त्याले हे घालतो. आपल्या रंगाले खरवडाले निंगाला होता!"

देवराव ओट्यावर बसलेला. किसनरावांचा पुसलेला हात त्याला दिसत होता. इंदूबाई दारातून नवऱ्याकडं पाहत होती. सांगाडा बदलला तेव्हा तीही तिथंच होती.

"थांबा," तो म्हणाला.

घरातून पत्र्याचा तुकडा आणला आणि सर्वांसमोर मानेवरचा रंग खरवडू लागला. चंद्रभान धावला, "दादा, काय करून राहिले?"

"वाच."

चंद्रभाननं नंबर वाचला. त्याला त्यातलं काही कळेना.

"एकोनपन्नासचा सांगाडा हाये. मले मालूम होतं. किसनराव खरा होता, मी खोटा. मी रंगाच्या मांगं लपलो."

 चंद्रभाननं माळ खाली टाकली, आणि ती नेमकी देवरावच्या पायाशी पडली. आवाज ऐकून आलेली सुंदराबाई म्हणाली, "बदमाशी करायची होती त आपल्या भरवशावर करतास. रंगाले काहून मधात आनलं?"

देवरावनं घरातून शर्यतीत मिळालेला कप काढला.

स्टेशनावर तो एकटा गेला, चालत. तो कप किसनरावांच्या पुढ्यात ठेवला. किसनराव म्हणाले, "काल म्हटलं असतं तर हासून सोडलं असतं." मग गाडी आली.

तिथून ताजनापेठ. गुलाम नबी डोळ्यांवर काळी काच लावून लोखंडाला जोड मारत होता. काच वर केली, पण बस म्हणाला नाही.

देवरावनं विचारलं, "तुले तर ठाव होतं. बोलला काहून नाही?"

"मी काय बोलू? मले वाटलं, तू सोताच सांगशीन. मी तुयाच तोंडाकडं पाहून राहिलो होतो."

नंतर देवरावनं ती गाडी आणखी पुष्कळ वर्षं चालवली. नवरदेवाला बसवायला मात्र कोणी मागितली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. मानेवरची ती जागा उघडीच राहिली. पावसाळ्यात तिथं गंज चढायचा. इंदूबाई रंगाची डबी काढायची, आणि तो म्हणायचा, "राहू दे." मग घासलेट लावलेल्या चिंधीनं ती जागा पुसत बसायचा.