आतल्या खोलीतले अहो

सिस्टरांच्या पहिल्या भेटीतून मी जिवंत परत आलो, याचं श्रेय सर्वस्वी माझ्या पायांना आहे. या निवृत्त नर्सबाईंच्या लिंबाच्या बागेशेजारचा जमिनीचा तुकडा मी नुकताच घेतला होता. ओळख करून घ्यावी म्हणून भर दुपारी त्यांच्या फाटकाशी गेलो. फाटकाला जी साखळी होती, तिने एखादं जहाज बांधून ठेवता आलं असतं. मी ती हलवली मात्र, आतून आवाज कडाडला, "अहो, आधी ती कुऱ्हाड खाली ठेवा! माणूस बरा दिसतोय."

पाठोपाठ आतल्या खोलीतून खोकला आला. खोकला कसला, कोणीतरी ट्रकभर दगड विहिरीत ओतत होतं. एवढ्या छातीचा माणूस दारातून आत शिरला तरी कसा असेल, हा विचार मी पळता पळताच केला.

महिन्याभराने सिस्टरांनी चहाला बोलावून ती खोली दाखवली. आत एक खाट आणि लिंबांच्या टोपल्या.

"आणि साहेब?" मी विचारलं.

"मी लग्न केलंय कुठे? सगळी नोकरी इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात झाली. इतके पुरुष इतक्या जवळून पाहिल्यावर हौस राहते का?"

खोकला त्यांचाच होता. दम्याचा, विडीचा, आणि बायकोने लक्ष द्यावं म्हणून काढलेला, असे तिन्ही त्यांनी मला ऐकवले. तिसरा तर इतका हुबेहूब की मला घरी असल्यासारखं वाटलं.

"कुत्र्याला चोर बिस्किट घालतात, कुलूप तोडतात," सिस्टर म्हणाल्या. "पण खोकणाऱ्या म्हाताऱ्याचं काय करणार? त्याला मेल्याला झोपच नसते!"

हळूहळू या अहोंना स्वभावही आला. सिस्टर त्यांना मोज्यांवरून झापत, मीठ कमी खा म्हणून बजावत. दूधवाला मला म्हणाला, "साहेब तापट आहेत हो, पण मनाने चांगले." त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सिस्टरांना खरी भीती चोराची नव्हतीच. ती होती धाकट्या भावाची. बाळ्या (वय वर्षं साठ) शहरातून दर आठवड्याला फोन करी, "ताई, एकटी बाई, आसपास चिटपाखरू नाही. सामान बांध आणि इकडे ये."

"ही झाडं सोडून तुझ्या तिसऱ्या मजल्यावर काय कुंडीत उभी राहू?" सिस्टर विचारत.

शेवटी बाळ्याने ठरवलं, की या घरात शिरणं किती सोपं आहे ते ताईला दाखवूनच द्यायचं. एका रविवारी सकाळी, न कळवता, तो मागच्या कुंपणावर चढला. मी तेव्हा सिस्टरांकडे ओसरीवर चहा पीत होतो. मागे खुडबुड झाली. सिस्टर ताडकन उठल्या. "अहो, मागे कोणीतरी आहे! कुऱ्हाड घ्या!" आणि स्वतःच आत धावत जाऊन त्यांनी विडीचा खोकला काढला.

"ताई! मी आहे, मी!"

बाळ्याची पँट तारेत अडकली होती. आम्ही त्याला सोडवून खाली उतरवलं आणि ओसरीवर आणलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण कुऱ्हाडीमुळे नव्हे.

"ताई, आत कोण आहे?"

मी कपात बघू लागलो. आत कोणी नाही म्हणावं, तर बाई एकटी, सामान बांधा. कोणी आहे म्हणावं, तर जन्मभर राखलेली अब्रू गेली. सिस्टरांनी पदर सारखा केला.

"आहेत एक जण."

"एक जण म्हणजे?"

"झोपलेत. हळू बोल."

"ताई, या वयात?"

"मग कोणत्या वयात? तेव्हा तुम्ही कोणी विचारलंत?"

बाळ्याने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग कुजबुजला, "खोकला बरा वाटत नाही त्यांचा."

"औषध चालू आहे."

तो चवड्यांवर चालत फाटकातून गेला. त्यानंतर सामान बांधण्याची गोष्ट त्याने काढली नाही. फोनवर मात्र न चुकता विचारी, "त्यांची तब्येत कशी आहे?"

सिस्टर त्या घरात आणखी तीन वर्षं राहिल्या. मग गुडघे कामातून गेले, जागा एका पोल्ट्रीवाल्याने घेतली, आणि "ते गेले रे, खोकल्यानेच" असं फोनवर सांगून त्या एकट्याच भावाकडे राहायला गेल्या.